पिओरियाला कोण जातं?

रिचर्ड प्रायरचा पुतळा बघायला पिओरियाला गेले होते असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो कोण हा रिचर्ड प्रायर, आणि मग विचारतो हे पिओरिया कुठे आलं, त्यामुळे दोन्ही आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे अडायला नको.

पिओरिया म्हणजे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मधोमध, इलिनॉय नदीच्या काठावरचं शहर, शिकागोहून गाडीने तीनेक तास. आपल्याकडच्या इंजिनिअर लोकांना ते कॅटरपिलरमुळे माहीत असतं, ते पिवळे डोझर आणि डंपर, त्या कंपनीचं मुख्यालय कित्येक दशकं इथे होतं, अलीकडे ते आधी शिकागोच्या बाजूला आणि मग टेक्सासला हललं. आणि रिचर्ड प्रायर म्हणजे १ डिसेंबर १९४० ला ह्याच गावात जन्मलेला काळा कॉमेडियन. आज पुण्या-मुंबईच्या कॅफेत पोरंपोरी माइक धरून स्वतःच्या आईबापांवर, ब्रेकअपवर, डिप्रेशनवर बोलतात ना, ते स्वतःचंच आयुष्य उकरून स्टेजवर मांडायचं जे काय आहे त्याचं बरंचसं श्रेय ह्या माणसाला जातं. माझी त्याच्याशी ओळख मात्र काही फार थोर मार्गाने झाली नाही. लहानपणी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर सुपरमॅनचा तिसरा भाग बघितला होता, त्यात पगाराच्या हिशोबातले अर्धे अर्धे सेंट कॉम्प्युटरवरून स्वतःच्या खात्यात वळवणारा एक गडी आहे, तो हा. सुपरमॅन विसरले, हा लक्षात राहिला. पुढे यूट्यूब आलं आणि रात्री एक वाजता हेडफोन लावून त्याचे जुने शो बघायची सवय लागली, ती काही सुटली नाही.

तर ताई-भाऊजी राहतात ब्लूमिंग्टनला. तिथे एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीमुळे आयटीतली आपली माणसं इतकी आहेत की संध्याकाळी फिरायला निघालं की फोडणीचा वास येतो. ताईने माझ्यासाठी प्लॅन छापून ठेवला होता, खरंच छापून, फ्रिजवर चिकटवलेला, त्यात शिकागो होतं, सेंट लुइसची कमान होती, आउटलेट मॉल होता (दोनदा), आणि मी म्हटलं मला पिओरियाला जायचंय तर तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही कोणी अमेरिकेतून पुण्यात येऊन चाकण बघायचंय म्हणतंय. भाऊजी म्हणाले, "ऑफिसच्या कामाला जातो आम्ही पिओरियाला. फिरायला कोण जातं?" भाचा ईशान, वय सोळा, फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "मावशी, मी येतो." नंतर कळलं की त्याला गाडी चालवायची होती, नुकतं लायसन्स मिळालंय.

शिकागोबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी लिहून झालंय, बीन म्हणतात ते आरशासारखं चकचकीत शिल्प बघितलं, त्यात स्वतःला बघितलं, हॉटेलवाल्याने पार्किंगचे जे पैसे लावले ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो, विषय संपला.

ब्लूमिंग्टन ते पिओरिया जेमतेम चाळीस मैल. जुलै महिना, दोन्ही बाजूला डोक्याच्या वर गेलेला मका, मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की मका. मध्ये मॉर्टन नावाचं गाव लागतं, तिथे भोपळ्याचा मोठा कारखाना आहे, अमेरिकेत डब्यात बंद होणाऱ्या भोपळ्यातला बहुतेक भोपळा तिथून जातो म्हणे, जगाची भोपळा राजधानी असं ते स्वतःच म्हणवून घेतात. भाऊजींनी ही माहिती इतक्या अभिमानाने दिली की मला वाटलं आपण इथेच थांबतोय की काय. मग नदीवरचा मोठा पूल, आणि पूल उतरलं की एकदम डाउनटाउन.

आधी कॅटरपिलरचं व्हिजिटर सेंटर, कारण तेवढ्या अटीवर भाऊजी आले होते. तिथे एका खाणीतल्या डंपरच्या हौद्यात खुर्च्या मांडून थिएटर केलंय, चारशे टन माल वाहणारा डंपर, चाकाशेजारी माणूस उभा केला तर चाकच दिसतं. भाऊजी खूश. ताई पण खूश, कारण एसी. मी घड्याळ बघत होते.

आता मुख्य गोष्ट. पुतळा आहे वॉशिंग्टन स्ट्रीट आणि स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जुन्या वखारींच्या भागात. ब्राँझचा, माणसापेक्षा मोठा. प्रेस्टन जॅक्सन म्हणून इलिनॉयमधलेच काळे शिल्पकार, त्यांनी केलाय, ३ मे २०१५ ला उघडला. म्हणजे माणूस गेला डिसेंबर २००५ ला आणि गावात उभा राहायला त्यानंतर नऊ-साडेनऊ वर्षं लागली. पैसे जमता जमत नव्हते. गावातल्या बऱ्याच लोकांना तो नकोच होता, शिव्या देणारा, ड्रग्ज घेणारा, पोरांना काय सांगायचं ह्याचा पुतळा का बांधला, वगैरे. पुतळ्यावरून भांडणं हा विषय आपल्याला काही नवीन नाही त्यामुळे मला त्यात घरच्यासारखंच वाटलं.

दुपारी दोनची वेळ, चिटपाखरू नाही. मी चौथऱ्याला हात टेकवला तर चटकाच बसला. फोटो काढले. ताईने विचारलं झालं का. भाऊजी गाडीतूनच म्हणाले, "ह्यासाठी चाळीस मैल?"

आणि खरं सांगायचं तर दोन मिनिटं मलाही तसंच वाटलं. पुतळा चांगला आहे, प्रश्न तो नाही. पण हा असा माणूस होता जो स्टेजवर एका जागी दोन सेकंद उभा राहत नसे, तो एकाच वेळी म्हातारा, कुत्रा, हरीण, पोलीस, दारुडा, स्वतःचा बाप, स्वतःचा हार्ट अटॅक, सगळं व्हायचा, हार्ट अटॅक सुद्धा पात्र म्हणून यायचा आणि त्याला जमिनीवर पाडून जाब विचारायचा. त्याला स्थिर उभा बघून चुकल्यासारखं होतं.

तेवढ्यात एक पिकअप ट्रक कडेला थांबला. आत एक काळे आजोबा, सत्तरीचे असतील, काच खाली करून विचारलं कुठून आलात. मी म्हटलं इंडिया. ते हसले, म्हणाले एवढ्या लांबून रिचीसाठी? मग सांगायला लागले, की आमच्या घरात त्याच्या रेकॉर्डला बंदी होती, आई चर्चवाली, आम्ही भावंडं ती बाहेर गेली की लावायचो, आणि एकदा ती लवकर परत आली, आता मार बसणार म्हणून सगळे गार, तर बाई दारात उभी राहून तोंडावर पदर, म्हणजे ओढणी म्हणा, स्कार्फ म्हणा, काय असेल ते दाबून हसत होती. एवढं बोलले, हात वर केला आणि गेले. ताईने त्यांना पाण्याची बाटली देऊ केली होती ती तिच्या हातातच राहिली.

हे झाल्यावर कोणी लगेच निघूया म्हणालं नाही.

मग मी त्यांना सांगितलं की हाच वॉशिंग्टन स्ट्रीट. इथून थोडं पुढे, मेन स्ट्रीटच्या पलीकडे ह्याच रस्त्यावर त्याच्या आजीचा कुंटणखाना होता. ईशान समोर आहे हे माझ्या लक्षात होतं पण आता अर्धवट काय सांगणार. पिओरिया त्या काळात दारूच्या भट्ट्यांचं गाव, आणि भट्ट्यांच्या मागोमाग जुगार, धंदा सगळं आलं, उत्तरेकडचा वॉशिंग्टन स्ट्रीट त्यासाठी प्रसिद्ध होता. आजी मेरी कार्टर तिथे घरं चालवायची, आई तिथेच काम करायची, आई निघून गेल्यावर त्याला आजीनेच वाढवलं. पोरगं दाराआडून सगळं बघत मोठं झालं, त्याच्यावर स्वतःवर पण अत्याचार झाले, चौदाव्या वर्षी शाळेतून काढलं. ती घरं आता नाहीत, हायवे आणि पुलाच्या कामात तो सगळा भागच पुसला गेला. म्हणजे सकाळी आम्ही पूल उतरून ज्या बाजूने झर्रकन आलो, तीच ती जागा. गावाने जे बुलडोझरने साफ केलं (कुठल्या कंपनीचा बुलडोझर असेल ते वेगळं सांगायला नको) ते सगळं हा माणूस पुढे कित्येक वर्षं स्टेजवर नाव-गाव-आवाजासकट उभं करत राहिला. गावाला राग का आला असेल ते त्या कोपऱ्यावर उभं राहिल्यावर समजतं. मला राग येणाऱ्यांचा राग आला हे वेगळं.

टीव्हीवर तो आला १९६४ ला. आधी १९६३ मध्ये न्यूयॉर्कला गेला होता, पिओरियातल्या क्लबात तयारी झालेली. आता तेव्हाचा अमेरिकन टीव्ही म्हणजे काय, तर १९५६ ला नॅट किंग कोलसारख्या गायकाचा शो एनबीसी ह्या मोठ्या चॅनेलवर सुरू झाला, मोठमोठे पाहुणे फुकटात येऊन गायले, पण देशभर जाहिरात द्यायला एकही मोठी कंपनी पुढे येईना, वर्षभरात बंद. त्यामुळे नवीन काळ्या कॉमेडियनने काय करायचं तर सूट घालायचा, टाय लावायचा, कोणालाही टोचणार नाही असं बोलायचं. प्रायरने तेच केलं, एड सलिव्हनच्या गाजलेल्या टीव्ही शोमध्ये केलं, बिल कॉस्बी ह्या तेव्हाच्या सभ्य काळ्या कॉमेडियनची नक्कल वाटावी इतकं गोड केलं. पैसे मिळत होते. आणि १९६७ ला लास व्हेगासच्या अलॅडिन हॉटेलात भरल्या हॉलसमोर उभा राहिला, समोर बघितलं, मी इथे काय करतोय असं माइकवरच बोलला आणि स्टेज सोडून निघून गेला. मला त्याच्या सगळ्या करिअरमधला हा क्षण सगळ्यात आवडतो. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीला जाऊन राहिला आणि तिथून परत आला तो पूर्ण वेगळा माणूस, पिओरियाची माणसं घेऊन आलेला.

टीव्हीला तो हवा पण होता आणि नको पण होता. फ्लिप विल्सनचा शो १९७० ला सुरू झाला, काळ्या माणसाने चालवलेला पहिला तुफान चाललेला साप्ताहिक व्हरायटी शो, टाइम मासिकाने १९७२ ला कव्हरवर घेतलं इतका, त्याच्यासाठी प्रायरने लिहिलं. लिली टॉमलिन ह्या कॉमेडियनच्या टीव्ही स्पेशलसाठी लिहिलं, त्याचं १९७४ चं एमी, म्हणजे तिथला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं, ह्या एमीची पुढे गोष्ट आहे ती विसरू नका. डिसेंबर १९७५ ला सॅटर्डे नाइट लाइव्ह ह्या एनबीसीच्या कॉमेडी शोवर होस्ट म्हणून बोलावलं, शोच्या नावात लाइव्ह, पण हा काय बोलेल ह्या भीतीने एनबीसीने प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलं. लाइव्ह, पण थोडंसं कमी लाइव्ह.

हे मी भर उन्हात उभी राहून सांगत होते आणि ताई म्हणाली गाडीत बस आधी, घेरी येईल. मग एसी लावून, फोन डॅशबोर्डला टेकवून, पुतळ्याच्या समोरच गाडीत बसून आम्ही चौघांनी द रिचर्ड प्रायर शो बघितला. सप्टेंबर १९७७. एनबीसीने त्याला स्वतःचा शो दिला आणि वेळ कुठली दिली तर मंगळवारी रात्रीचे आठ, सगळं घर जेवणं आटपून एकत्र बसतं ती, समोर दुसऱ्या चॅनेलवर तेव्हाची सगळ्यात लोकप्रिय घरगुती मालिका. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला त्याने केलं काय, तर कॅमेऱ्यासमोर उघडाबंब उभा राहिला, म्हणाला लोक म्हणतात टीव्हीवर येण्यासाठी मी काहीतरी गमावलंय, छे, मी काहीच गमावलेलं नाही, आणि कॅमेरा मागे मागे जातो तर अंगावर कातडीच्या रंगाचा घट्ट सूट आणि जिथे जे असायला हवं ते गायब. एनबीसीने तेवढा तुकडा कापला. दादा कोंडके आणि सेन्सॉर बोर्डाचे किस्से आपण ऐकलेत त्यामुळे भाऊजींना हे लगेच कळलं, ते एवढे हसले की ईशानला त्यांच्या हसण्याचंच हसू आलं. ताई म्हणाली, "पोरगं आहे समोर." पोरगं म्हणालं, "आई, इट्स फ्रॉम नाइंटीन सेव्हन्टी सेव्हन."

मग ते प्रेसिडेंटचं स्किट. प्रायर झालाय अमेरिकेचा चाळिसावा आणि पहिला काळा प्रेसिडेंट, पत्रकार परिषद चाललीय. सुरुवातीला एकदम सभ्य, मोजून मापून उत्तरं. मग एक काळा पत्रकार उठतो आणि ह्याचा आवाज जरा सैल होतो, खांदे सैल होतात, मग अजून एक, आणि बघता बघता आपली माणसं कोण आणि परकी कोण हे सगळ्या हॉलला कळायला लागतं. शेवटी मिसिसिपीचा एक गोरा पत्रकार ह्याच्या आईबद्दल, ती लोकांच्या घरी कामाला जायची त्यावरून काहीतरी विचारतो आणि प्रेसिडेंट साहेब टेबलावरून त्याच्या अंगावर. मी हे पूर्वी दहा वेळा तरी बघितलंय पण त्या गाडीत बघताना आवाज बदलण्याकडेच लक्ष गेलं, कारण ताई दिवसभर तेच करत होती, कॉफी घेताना वेगळी ताई आणि गाडीत बसली की नाशिकची ताई.

ईशानने लगेच शोधून सांगितलं की खरा चाळिसावा प्रेसिडेंट झाला रोनाल्ड रेगन, आणि रेगन कॉलेजला होता युरेका गावात, म्हणजे इथून वीसेक मैलांवर. आणि पहिला काळा प्रेसिडेंट झाला तो पण ह्याच राज्यातून, ओबामाने २००७ ला उमेदवारी जाहीर केली ती स्प्रिंगफिल्डला, ते पण इथून फार लांब नाही. प्रायर तोपर्यंत गेला होता. भाऊजी म्हणाले, "सगळं इथेच घडतं आणि आम्ही इथे राहून आउटलेट मॉलला जातो." ताईने त्यांच्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही, पाहुण्याने अशा वेळी बोलू नये.

त्यानंतर विली दारुड्याचं स्किट लावलं आणि तिथे गाडीतलं वातावरण पालटलं. सुरुवात एकदम टिपिकल, बारमध्ये झिंगलेला माणूस, पडतोय, बडबडतोय, बारमधले हसतायत, आपणही हसतो. मग तो घरी जातो आणि सोफ्यावर कोसळतो. आणि त्याची बायको, लेखिका-कवयित्री माया अँजेलू आहेत त्या, पडलेल्या नवऱ्याकडे बघत बोलायला लागतात, की हा माणूस कोण होता, मी का लग्न केलं, त्याचं काय काय होत गेलं. ते संपतच नाही. मिनिटामागून मिनिट जातं, एकही विनोद नाही. आठ वाजता, कॉमेडी शोमध्ये. ईशानने विचारलं, "हे टीव्हीवर दाखवलं? आणि लोकांनी चॅनेल बदललं नाही?" बदललं असणारच. चार भाग झाले आणि शो संपला. त्या शोमध्ये रॉबिन विल्यम्स होता, तेव्हा कोणी ओळखत नव्हतं त्याला, मार्शा वॉरफिल्ड होती, पुढे हे सगळे मोठे झाले. चार भाग. आपल्याकडे सासू-सुनेच्या मालिका चार वर्षं चालतात.

इंग्लिशमध्ये जुनी म्हण आहे, नाटक-तमाशेवाल्यांपासून चालत आलेली, की पिओरियात चालेल का? म्हणजे सर्वसामान्य अमेरिकेला हे पचेल का. एनबीसीचे साहेब लोक पण मीटिंगमध्ये ह्याच अर्थाचं काहीतरी बोलत असणार, आणि ज्याच्याबद्दल बोलतायत तो पोरगा अस्सल पिओरियाचा.

इथून आम्ही परत निघणार होतो. पण मी मगाशी शाळेचं बोलता बोलता ज्युलिएट व्हिटेकरबाईंचं नाव घेतलं होतं ते ताईच्या डोक्यात राहिलं होतं. ताई दर रविवारी मराठी शाळा घेते, एका देवळाच्या तळघरात, पंधरा-वीस पोरं, वर्षाला एक नाटुकलं बसवते आणि दर वर्षी आयत्या वेळी कोणीतरी आजारी पडतं. ती म्हणाली, "त्या बाईंचं सांग ना नीट."

तर गावाच्या दक्षिण भागात कार्व्हर सेंटर आहे, काळ्या वस्तीतल्या पोरांसाठी काढलेलं, खेळ, गाणं, नाटक. व्हिटेकरबाई तिथे नाटकं बसवायच्या. एक दिवस हा चौदा-पंधरा वर्षांचा हाडकुळा पोरगा तालमीत घुसला, मला पण घ्या म्हणाला. भूमिका वाटून झाल्या होत्या, मग नोकराचं छोटंसं काम दिलं. ह्याने काय करावं, सगळी संहिताच पाठ केली, सगळ्यांचे संवाद. एक दिवस राजाचं काम करणारा मुलगा आला नाही, हा म्हणाला मी करतो. आणि असा राजा केला की पुढच्या तालमीला आलेल्या मूळ राजानेच सांगितलं, राहू दे, हाच चांगला आहे. त्याच्याही आधी शाळेत मार्गारेट यिंगस्ट नावाच्या बाई होत्या, त्यांनी त्याच्याशी सौदा केला होता, रोज वेळेवर आलास तर आठवड्याला वर्गासमोर काही मिनिटं तुझी. यायला लागला वेळेवर.

आणि ते एमी, १९७४ चं, ते त्याने व्हिटेकरबाईंना देऊन टाकलं. हॉलिवूडमधल्या घरात ठेवलं नाही, पिओरियाच्या ह्या बाईंना दिलं.

ताई म्हणाली, "चल, बघू ते सेंटर." भाऊजी म्हणाले उशीर होतोय. ताई म्हणाली, "मग होऊ दे."

गेलो. आत वगैरे गेलो नाही, तसं काही ठरवलंच नव्हतं. साधी विटांची इमारत, बाहेर पोरं बास्केटबॉल खेळत होती, त्यातल्या एकाने बॉल मारला तो थेट आमच्या गाडीच्या बॉनेटवर, ढप्प. पोरगा पळत आला, सॉरी मॅम, सॉरी सर. भाऊजींची गाडी म्हणजे जीव की प्राण, आम्ही श्वास रोखून. भाऊजींनी बॉल उचलला, दोनदा टप्पा मारला आणि लांबून टाकला बास्केटमध्ये, तो बास्केटपासून दहा फूट लांब पडला आणि सगळी पोरं जी ओरडली. ताईला मी एवढं हसताना आईच्या घरी शेवटचं बघितलं असेल. तिने फाटकाजवळ उभं राहून बराच वेळ त्या दरवाजाकडे बघितलं, मग मला म्हणाली, "गेल्या वर्षीच्या नाटकात सगळ्यांचे संवाद पाठ असलेला एक आहे माझ्याकडे. मी त्याला मध्ये मध्ये बोलतो म्हणून बाहेर बसवलं होतं." आणि त्याच्या आईचा नंबर फोनमध्ये शोधायला लागली, तिथेच, रस्त्यात.

प्रायरचं पुढचं सगळं सांगायचं तर मोठं आहे आणि अवघड पण आहे. सिनेमे, पैसा, कोकेन, १९८० च्या जूनमध्ये स्वतःला पेटवून घेतलं तो प्रकार, मरता मरता वाचला आणि दोन वर्षांनी स्टेजवर काडी पेटवून, ती हलवत, त्याच्यावरचाच विनोद स्वतः सांगितला. सात लग्नं, त्यातली दोन बायकांशी दोन दोन वेळा, बायकांशी तो वागला त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही आणि मी करणार पण नाही. १९८४ ला पुन्हा टीव्हीवर आला, ह्या वेळी लहान मुलांच्या कार्यक्रमात, तेरा भाग. १९८६ ला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार निघाला, हळूहळू व्हीलचेअर. विनोदासाठीचा मार्क ट्वेन पुरस्कार १९९८ ला सुरू झाला आणि पहिला ह्यालाच दिला. ज्याच्यासाठी प्रक्षेपण काही सेकंद मागे ठेवलं होतं त्याला.

परतीला भाऊजींनी मुद्दाम युरेकावरून गाडी घेतली, चाळिसावे प्रेसिडेंट, दहा मिनिटं थांबलो, बंद होतं सगळं. रात्री एका ढाब्यासारख्या ठिकाणी पनीर खाल्लं, ते गोड होतं, अमेरिकेत पनीर गोड का करतात देव जाणे. दुसऱ्या दिवशी सेंट लुइस, कमान, रांग, ऊन. मॉल दोनदा.

कोणाला जायचं असेल तर सांगते, पिओरियाला पॅसेंजर ट्रेन जात नाही, शिकागोहून बस आहे पण उतरल्यावर पाय आणि ऊन, म्हणजे गाडी पाहिजेच, आणि गाडी म्हणजे गाडीवाला नातेवाईक पाहिजे, आणि नातेवाईक म्हणजे त्याचं डंपर आधी बघावं लागतं. जुलैमध्ये जाऊ नका. मुलं असतील तर काय दाखवायचं ते आधी ठरवा असं मी म्हणणार होते, पण आम्ही कुठे ठरवलं होतं.

मी परत आल्यावर आठवड्याने भाऊजींनी फॅमिली ग्रुपवर त्या उघड्या उभ्या प्रायरची क्लिप टाकली. खाली काही लिहिलं नव्हतं. पाच मिनिटांत मेसेज डिलीट, अर्थात ताईने करायला लावला. पण पाच मिनिटांत नाशिकच्या आत्याने बघितली होती, वय शहाहत्तर, ग्रुपवर फक्त सुप्रभात टाकते. काकांनी विचारलं काय होतं ते, भाऊजींनी उत्तर दिलं नाही, मीही नाही. रात्री आत्याचा मला वेगळा मेसेज आला, बाकीचे तीन भाग कुठे मिळतील.